एका खांबावरच्या तीन कंपन्या

लग्नात, बारशात, अगदी दशक्रियेच्या पंगतीतसुद्धा माणसं मला बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, "धनराजभाऊ, खरं सांगा, घरी नेट कोणत्या कंपनीचं घ्यावं?" जसं काही मी एखादं गुपित दाबून बसलोय. मी सांगतो, बाबा, कंपनी कुठलीही घे, तुझ्या गल्लीत खांबावर चढणारा माणूस कोण आहे ते आधी बघ. हे ऐकून माणसं नाराज होतात. त्यांना वाटतं, हा सांगायचं टाळतोय. मग ती शेजाऱ्याला विचारतात, शेजारी जाहिरातीत ऐकलेलं सांगतो आणि सगळे सुखी होतात.

यंदा आमच्या खानदेशी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मलाही गळ घातली गेली, तेव्हा मी ठरवलं की एकदाचं काय ते लिहून टाकायचं. पुढे कुणी पंगतीत विचारलंच तर अंक हातात ठेवायचा आणि आपण जिलेबी खायची.

मी सुरतला लिंबायतमध्ये लाइनमन. हयात खांबांवर गेली. आधी टीव्हीच्या केबलची जाडी काळी वायर ओढायचो, आता नेटची बारीक ओढतो. आताशा गुडघे कुरकुरतात, म्हणून शेठ म्हणतो ऑफिसात बस आणि तक्रारी घे. बसतो दोन दिवस. तिसऱ्या दिवशी माझ्या खांबावर कुणीतरी नवखा चढलेला दिसला, की माझाच जीव खालीवर होतो आणि मी शिडी उचलतो.

धंदा समजायला सोपा आहे. कंपनीचं मोठं यंत्र शहरात कुठेतरी थंडगार खोलीत बसलेलं असतं. तिथून काचेची तार निघते. हो, काचेचीच, केसासारखी बारीक, वरून काळं आवरण. तिच्यातून उजेड धावतो. ती खांबाखांबावरून गल्लीच्या तोंडाशी येते. तिथे खांबावर डबा असतो, त्या डब्यातून एक फाटा तुमच्या घरात जातो आणि घरातल्या पांढऱ्या डबीला जोडला जातो. डबीवर हिरवा दिवा असला की घर शांत. लाल लागला की सासू-सून, बाप-लेक, सगळ्यांना एकमेकांची जुनी दुखणी आठवतात.

लाल दिव्याची कारणं मात्र शाळेत शिकवत नाहीत. पर्वत पाटिया भागात एका गृहस्थांनी नेटला नजर लागते म्हणून पांढऱ्या डबीला लिंबू-मिरची बांधली होती, आणि लिंबाचा रस आत गेला होता. भेस्तानला एका बाईंनी पोरं अभ्यास करत नाहीत म्हणून डबी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलेलं. वर तक्रार काय, तर कंपनी फसवते, नेट कमी देते. मी म्हटलं, बाई, नेट कपाटातल्या साड्यांना जोरात मिळतंय. त्यांनी माझ्या शेठला फोन केला आणि मी साड्यांबद्दल बोललो म्हणून तक्रार नोंदवली.

पण सांगायची गोष्ट पाटलांची. आमच्या भागात तीन कंपन्यांचं नेट मिळतं. नावं घेत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांना कळलं तर तिघी मिळून मला हाकलतील. टी-शर्टच्या रंगावरून ओळखा: एक निळी, एक लाल, एक पिवळी. टीव्हीवर तिघी एकमेकींचे वाभाडे काढतात. आणि लिंबायतच्या आमच्या गल्ल्यांत तिघींची एजन्सी एकाच माणसाकडे आहे, आमच्या शेठकडे. खांब तोच. डबे तीन, पण एकाखाली एक टांगलेले. आणि तिन्ही डब्यांशी चढणारा माणूस, अस्मादिक. प्रत्येक कंपनीचा नियम असा, की गिऱ्हाईकाच्या दाराशी कंपनीच्या टी-शर्टमध्ये उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा आणि ॲपमध्ये टाकायचा, तरच फेरी धरली जाते. म्हणून माझ्या पिशवीत पक्कड, स्पिरिटची बाटली आणि तीन टी-शर्ट कायम असतात. सुरुवातीला मी कुरकुर केली तेव्हा शेठने डोळे न उचलता सांगितलं होतं, "टी-शर्ट बदली नाख, माणस तो एज छे ने?" माणूस तोच, मग टी-शर्टाचं काय एवढं.

आप्पा पाटील म्हणजे लूमच्या खात्यातले जुने मुकादम. खातं म्हणजे आमच्याकडे पावरलूमचा कारखाना. खटखट ऐकून ऐकून कान गेलेले, त्यामुळे ते बोलले की गल्लीला ऐकू जातं. घर दुमजली, माणसांनी खच्चून भरलेलं. मुलगा प्रवीण कापड मार्केटात हिशेब लिहितो आणि उरलेलं काम घरी आणून कॉम्प्युटरवर करतो. नातू मोबाइलवर लढाया खेळतो. आप्पांच्या बायकोला सगळे जिजी म्हणतात. तिच्या लेकी धुळ्याला आणि पुण्याला, आणि त्या व्हिडिओवर दिसल्याशिवाय जिजीच्या घशाखाली घास उतरत नाही. सगळ्यात महत्त्वाची सून, वैशाली.

वैशाली आधी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. सुरतेत घरोघरी बायका हे काम करतात. त्या डिंकाने बोटांची सालटी निघतात आणि डोकं धरतं. मग तिने हुशारी केली. मार्केटातून साड्या आणायच्या, फोन समोर उभा करायचा आणि लाईव्ह जायचं. साडी खांद्यावर टाकून बोलत राहायची, अहिराणीत, मराठीत, आणि तिकडे धुळे-नाशिककडच्या बायका साडीचा नंबर लिहून पाठवायच्या. बोलायला ती तेज. पण गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मोबाइलच्या नेटवर हे चालायचं, आणि ऐन रंगात चित्र थिजायचं. बायकांना वाटायचं ताई साडीचा पदर दाखवायला मुद्दाम थांबली आहे. त्या बिचाऱ्या वाट बघायच्या आणि मग कंटाळून निघून जायच्या.

घरी तारेचं नेट घ्यायचं हे तिनेच लावून धरलं. आप्पा शेवटी हो म्हणाले, पण अट घालून. श्रावणात कानबाई बसते तेव्हा घरात एकूण एक माणूस असतो आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. त्या दिवशी सगळं घर एकदम नेटवर बसेल आणि वैशालीही लाईव्ह जाईल. टिकलं तर धंदा चालू. नाही टिकलं तर हे लाईव्ह-फाइव्ह बंद, पुन्हा टिकल्या. आप्पांचा शब्द म्हणजे खात्यातला भोंगा, एकदा वाजला की वाजला. वैशालीने मान हलवली, पण तिचा चेहरा मी पाहिला होता. पुन्हा त्या डिंकाच्या वाटीशी बसायच्या नुसत्या विचाराने तिने बोटं पदरात लपवली होती.

आता कंपनी निवडायची कशी? आप्पांना आयुष्यात निवडीची एकच रीत ठाऊक, सोयरीक. त्यांनी तीन मुली उजवल्या होत्या. म्हणाले, तिन्ही स्थळं घरी बोलवा, समोर बसवा, खाऊ घाला, बोलतं करा. माणूस खाताना आणि दुसऱ्याबद्दल बोलताना कळतो. प्रवीणने तिन्ही कंपन्यांना फोन लावले. तिघींनी एकाच दिवशी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं, एकीने दहाला, दुसरीने अकराला, तिसरीने बाराला. आणि तिन्ही फेऱ्या माझ्या मोबाइलवर येऊन पडल्या.

दहाला मी निळ्या टी-शर्टात गेलो. दिवाणखान्यात सतरंजी घातलेली, आप्पा टोपी घालून बसलेले, जिजी शेजारी. मला वाटलं आप्पा मला बघून हसतील. या माणसाच्या घरी मी केबलच्या जमान्यापासून येतोय. पण आप्पा गंभीर. त्यांनी गाव विचारलं. मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला माहीत आहे, शिंदखेड्याकडचा. ते म्हणाले, "तुझं नाही विचारलं. कंपनीचं गाव कोणतं?" मग घराणं विचारलं, किती वर्षं धंद्यात, कुणाकुणाकडे दिलीय, तिथे नांदते का नीट. जिजीने पोह्यांची बशी पुढे केली. "खाई ले रे भाऊ, लाजू नको." मी निळ्या कंपनीचे गुण गायले आणि पोहे चाटून पुसून खाल्ले. निघताना दारातून वैशालीने विचारलं, "भाऊ, तार तुटनी तर कोन येई?"

मी म्हटलं, "मीच येसू."

जिन्याखाली जाऊन टी-शर्ट बदलला आणि अकराला लाल होऊन वर आलो. मला वाटलं, आता तरी हसतील. आप्पांनी मला नव्याने बसायला सांगितलं आणि जिजीने पोह्यांची नवी बशी आणली. मी म्हटलं, जिजी, आत्ताच खाल्ले. आप्पा म्हणाले, "ते निळ्याने खाल्ले. तुमच्या कंपनीने अजून पाणीसुद्धा घेतलेलं नाही." मग लक्षात आलं की म्हातारा चळलेला नाही. त्यांनी एका छपराखाली तीन शेठांचे लूम सांभाळले होते. एका शेठसमोर दुसऱ्याचं नाव काढायचं नाही आणि ज्याच्या लूमपाशी उभे त्याचे मुकादम, हा त्यांचा धर्म होता. त्यांच्या लेखी टी-शर्ट बदलला म्हणजे माणूस बदलला, त्यात हसण्यासारखं काही नाही.

मग त्यांनी विचारलं, "सकाळी निळे येऊन गेले. माणूस कसा वाटतो?"

आता आली का पंचाईत. सोयरिकीत दुसऱ्या स्थळाची चौकशी करतातच. मी म्हटलं, माणूस चांगला आहे, पण जरा जास्त बोलतो. कंपनी ठीक आहे, पण पावसाळ्यात त्यांच्या डब्यात पाणी शिरतं. हे खरंच होतं. डबा मीच बसवला होता. आप्पांनी जिजीकडे बघून मान हलवली, म्हणजे हेच त्यांच्याही मनात होतं. मी पोहे संपवले. दारातून वैशालीचा तोच प्रश्न आला आणि माझं तेच उत्तर गेलं. ती पदराआड हसत होती, पण डोळे हसत नव्हते. तिला उत्तर खरंच हवं होतं.

बाराला पिवळा. तोवर माझ्या पोटात दोन कंपन्यांचे पोहे होते. तिसरी बशी आली ती पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी, वर शेव, खोबरं, लिंबाची फोड. मी बोललो बरं. पिवळ्या कंपनीचा दर चांगला, वेग चांगला, सगळं सांगितलं. लाल कंपनीबद्दल विचारलं तेव्हा म्हणालो, काही वाईट ऐकलेलं नाही. पण पोह्यांपुढे मी हरलो. अर्धी बशी तशीच राहिली. जिजीचा चेहरा पडला. मी खाली उतरेपर्यंत आप्पांचा आवाज गल्लीला ऐकू आला. निळा स्वतःची फार तारीफ करतो, पिवळ्याने अन्नाला नाव ठेवलं, लाल साधा आहे आणि खरं बोलतो. द्या लालला.

अशी लाल कंपनीची निवड झाली. मी तिसऱ्या दिवशी तार ओढली, पांढरी डबी बसवली, हिरवा दिवा लागला. आप्पांनी डबीला हळद-कुंकू वाहिलं. वैशाली रोज दुपारी लाईव्ह जाऊ लागली. चित्र थिजत नव्हतं, बायका टिकत होत्या, साड्या जात होत्या. पण परीक्षा बाकी होती.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी तापीवर जाते. नारळाला डोळे, नथ लावायची, साडी नेसवायची, आणि मग घरात जागा म्हणून उरत नाही. तिच्या प्रसादाची रीत मात्र कडक. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळून त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात, आणि ते रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्या माणसाला कणभरही देत नाहीत. आणि ताटात उरवायचा नाही, उरवला तर देवीचा कोप. माझ्या भावाकडे गावाला अजून माझ्या नावाचा गहू मोजतात. पण कानबाईच्या मिरवणुकांत तारा तुटतात, म्हणून त्या दिवशी लाइनमनला सुट्टी नसते. वर्षानुवर्षं माझ्या वाटचा रोट भाऊ खातो. बाकी कशाचं काही नाही, पण त्या दिवशी खांबावर असताना घराघरांतून रोट भाजल्याचा वास येतो तेव्हा मला गावाची आठवण होऊन फार वाईट वाटतं.

त्या रविवारी दुपारी मी पिवळ्या टी-शर्टात दुसऱ्या गल्लीत होतो. फोन आला. वैशाली. आवाज कोरडा पडलेला.

"भाऊ, तुटनी."

पलीकडच्या गल्लीची कानबाई बसायला वाजतगाजत येत होती. ट्रकवर स्पीकरांचा डोंगर. अशा ट्रकपुढे एक माणूस लांब बांबूने तारा उचलत चालतो. तो चहा प्यायला थांबला आणि ट्रक थांबला नाही. पाटलांची तार गेलीच, वर खांबावरचा लाल कंपनीचा डबा ओढला जाऊन फुटला. वैशालीच्या बायका चारला येणार होत्या आणि चारला फार वेळ उरला नव्हता. गर्दीमुळे मोबाइलचं नेटही मेलेलं. तिकडे गावोगावी जिजीच्या लेकी देवीच्या दर्शनासाठी फोन लावून बसलेल्या, घरात नातवाची लढाई अर्धवट, आणि आप्पा डबीवरच्या लाल दिव्याकडे बघत होते.

मी पोचलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसून काहीतरी करत होते. मला बघून अभिमानाने म्हणाले, "आला का? तुझी काही गरज नाही. मी सांधली."

त्यांच्या हातात तार होती. रस्त्यावर पडलेली दोन्ही टोकं त्यांनी ओढून घेतली होती, ब्लेडने आवरण सोललं होतं आणि आतल्या काचेच्या धाग्याला गाठ मारली होती. लूमवाल्याची गाठ. लूमवर सूत तुटलं की कारीगर ते बोटांच्या टोकांवर असं सांधतो, की कापडात गाठ सापडत नाही. आयुष्यभर तेच केलेले हात. पहिल्यांदा काच मोडली, मग त्यांनी थोडी कापून पुन्हा केली. पुन्हा मोडली, पुन्हा कापली. असं करत करत अख्ख्या तारेची वासलात लावली होती. पण शेवटची गाठ बसली होती, आणि काय सांगू, एवढी सुरेख होती की मला क्षणभर वाटलं, दिवा लागायला हवा.

काचेला गाठ चालत नाही, हे त्यांना समजावायला वेळ नव्हता. आमच्याकडे त्यासाठी यंत्र असतं. दोन्ही टोकं स्पिरिटने पुसायची, समोरासमोर ठेवायची, यंत्र ठिणगी पाडतं आणि काच वितळून एक होते. यंत्र माझ्याकडे होतं, पण जोडायला तार उरली नव्हती. तारेचं बंडल दुकानात, आणि दुकानापर्यंतचे सगळे रस्ते मिरवणुकांनी बंद.

मी वर बघितलं. सुरतेत नवी तार सगळे टाकतात, जुनी कुणी काढत नाही. पाटलांच्या गच्चीवरून एक तार लोंबत होती. शेजारचं बिऱ्हाड भेस्तानला राहायला गेलं, त्यांचं निळ्या कंपनीचं कनेक्शन बंद झालं, तार तशीच. ती निळी तार पाटलांच्या खिडकीत उतरवली आणि पांढऱ्या डबीला जोडली. राहिला खांब. लालचा डबा फुटलेला, पण खालचा पिवळ्याचा शाबूत होता. लालची मुख्य तार त्यात घ्यायची आणि तिथेच निळीला जोडायची. नियमात बसत नव्हतं. कुठल्याच कंपनीच्या नियमात बसत नव्हतं.

मी शिडी लावली तर आप्पांनी शिडी धरली, आणि चढू देईनात. सोयरीक लालशी झालेली, मग पिवळ्याने आमच्या तारेला हात लावायचा नाही. लालला बोलवा. मी म्हटलं, आप्पा, मीच लाल. ते म्हणाले, मग तसा ये. घाईत लाल टी-शर्ट पिशवीत सापडेना. तो मी सकाळी धुऊन वाळत घातला होता. इकडे चार वाजायला आले, तिकडे ट्रकचं गाणं, आणि शिडीच्या पायथ्याशी देशातलं पहिलं असं भांडण, की माणूस योग्य आहे पण कपडा अयोग्य.

तेव्हा वैशाली घरातून बाहेर आली. सासऱ्यासमोर तिने कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. ती आप्पांच्या अगदी समोर उभी राहिली.

"आप्पा, धंदा मना शे. भाऊ बनियनवर चढना तरी चाली."

धंदा माझा आहे, असं सुनेने तोंडावर सांगितलेलं आप्पांनी पहिल्यांदाच ऐकलं. मग शिडी सोडली नाही, उलट दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मला म्हणाले, "काढ ते पिवळं आणि चढ."

मी बनियनवर चढलो. ना कंपनी, ना रंग. खाली आख्खी गल्ली मिरवणूक सोडून मला बघत होती. त्या बारीक धाग्यावर एका बाईची बोटं अवलंबून होती, आणि हे मला चांगलंच माहीत होतं. पहिला जोड बिघडला. दुसरा बसला. घरातून नातवाची आरोळी आली, हिरवा.

मग सगळं घर एकदम नेटवर तुटून पडलं. धुळ्याची लेक, पुण्याची लेक, नातवाची लढाई, प्रवीणचा हिशेब, आणि मधल्या खोलीत वैशाली लाईव्ह. मी खिडकीतून बघत होतो. धाप लागलेली होती तिला, पण पहिली साडी खांद्यावर टाकली आणि बोलत सुटली. चित्र थिजलं नाही. बायका वाढत गेल्या. तिच्यामागे आप्पा येऊन बसले, परीक्षक म्हणून, आणि हातातल्या तारेची ती गाठ कॅमेऱ्याकडे धरून बसले. थोड्या वेळाने वैशाली हसायला लागली. तिकडून बायका विचारत होत्या, आप्पांच्या हातातलं ते काय आहे, आणि केवढ्याला?

लाईव्ह संपल्यावर आप्पा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "टिकलं." एवढंच. वैशाली खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. मला चहा मिळाला, पोहे मिळाले. जिजीने रोटाच्या ताटावर हात ठेवला आणि ओशाळून म्हणाली, भाऊ, यात तुझ्या नावाचा दाणा नाही. मी म्हटलं, असू दे जिजी, रीत आहे ती. खरं तर वाईट वाटलं. फोटो बनियनवर असल्याने तिन्ही कंपन्यांनी त्या दिवसाची माझी फेरी धरलीही नाही. आणि ती जोडणी मी पुढे कधी सरळ केली नाही. पाटलांकडे आजही बिल लाल कंपनीचं येतं, नेट निळ्या तारेतून येतं आणि खांबावर पिवळ्याच्या डब्यात बसतं. कधी बिघडलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणात, कानबाईच्या आधी, पाटलांकडून तक्रार आली. लाईन बंद, ताबडतोब या. मी लाल टी-शर्ट घालून धावत गेलो. डबीवर हिरवा दिवा. जिजी सुपात गहू घेऊन बसली होती, शेजारी वैशाली. आता तिच्या खोलीत साड्यांची दोन कपाटं आणि बोटांवर कातडी. आप्पांनी मला बसायला सांगितलं. जिजीने आप्पांच्या नावाची मूठ घेतली, प्रवीणच्या, नातवाच्या. मग माझ्याकडे बघत पुढची घेतली.

"हाई निळानी." मग दुसरी. "हाई लालनी." मग तिसरी. "हाई पिवळानी."

मी म्हटलं, जिजी, मी एकटाच आहे ना. आप्पा माझ्या टी-शर्टकडे बघून शांतपणे म्हणाले, "बाकीचे दोघं कामावर असतील. रविवारी घेऊन ये."

शास्त्रात बसतं का ते मला विचारू नका. रविवारी गेलो. तिघांच्या वाटचा रोट माझ्या एकट्याच्या ताटात पडला, डोंगरासारखा, वर दूध. जिजी समोर बसून राहिली. खायला वेळ लागला, पण या खेपेला पिवळ्यानेही काही उरवलं नाही.